लंडनला शिकायला निघताना: आधी कागद, मग कपडे

सप्टेंबरमध्ये लंडनला निघणाऱ्यांच्या घरी वजनकाटा बाहेर येतो आणि बॅगेत काय बसेल, काय राहील यावर खल सुरू होतो. तो खल चालू द्या, पण आधी कागदांचं बघा. तिथे सुरुवातीला माणूस अडतो तो कागदांपायी. बँक खात्यासाठी पत्ता लागतो, पत्त्यासाठी घर, घरासाठी खातं. या चक्रात कुठून शिरायचं हे घरूनच ठरवून निघालेलं बरं.

पहिलं काम ई-व्हिसाचं, म्हणजे ऑनलाइन व्हिसाचं. राहण्याच्या परवान्याची बीआरपी कार्डं आता इतिहासजमा झाली. यूकेव्हीआयच्या, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या, ऑनलाइन खात्यात लॉगिन होतंय ना, त्याला सध्याचाच पासपोर्ट जोडलाय ना, हे निघण्याआधी तपासा. तुमचा व्हिसा दुसऱ्याला तपासता यावा म्हणून याच खात्यातून ‘शेअर कोड’ काढता येतो. घरमालक आणि नोकरी देणारा, दोघंही असा कोड मागतात आणि तो ९० दिवस चालतो. कॅस (विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र), मार्कशीट, बँक स्टेटमेंट, टीबीचं सर्टिफिकेट, राहण्याच्या जागेचं पत्र, सगळ्यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. इमिग्रेशनच्या रांगेत फोन चार्ज करायची सोय नसते. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये ती चालत नाही.

खाण्याचं सामान नेताना मन घट्ट करा. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट खुशाल घ्या. पेढे, बर्फी आणि साजूक तूप मात्र घरीच ठेवा, कारण भारतातून येताना दुधाचे पदार्थ नेण्यावर तिथे बंदी आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर इथल्या विमानतळावरच काढून घेतात, कारण तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. तूरडाळ आणि पोहे यांनी वजन भरू नका. वेम्बली, साउथॉल, टूटिंग या भागांत सगळं मिळतं. कुकर न्या, पण हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात फोडणी देताना दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा. मोहरी तडतडली, मिरचीचा धूर वर गेला की अलार्म कोकलायला लागतो आणि रात्री साडेअकराला अख्खी इमारत चपलांवर खाली. ज्याची फोडणी, त्याच्याकडे मग आठवडाभर सगळे बघतात.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे कन्व्हर्टर नको. पिना मात्र चौकोनी आणि जाड असतात. एक चांगला अ‍ॅडॉप्टर आणि इथलाच एक एक्स्टेंशन बोर्ड घेतला की लॅपटॉप आणि फोनचं भागतं.

आता घर, आणि इथे जरा थांबून वाचा. लंडनमध्ये भाडं बहुतेकदा आठवड्याच्या हिशेबात सांगतात. आठवड्याला २५० पौंड ऐकलं की आपण चारने गुणून हजार म्हणतो. पण वर्षाचे आठवडे ५२, म्हणून ५२ ने गुणून १२ ने भागायचं आणि महिना पडतो १,०८३ पौंडांना. वर्षभरात हा फरक हजार पौंडांचा होतो. खोली राखून ठेवायला एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. डिपॉझिटची मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याची, आणि ते ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याची पावती मागा, लाजू नका. फोटो पाहून पैसे पाठवायचे नाहीत म्हणजे नाहीत. घाई करणारा मालक दिसला की समजून जा. माझ्या मते पहिल्या वर्षी विद्यापीठाचं हॉस्टेल महाग पडलं तरी घ्यावं. पत्त्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटतो, तिथला जामीनदार शोधत बसावं लागत नाही आणि बँकेसाठीचं पत्र विद्यापीठ देतं.

प्रवासात, हीथ्रो विमानतळावरून ट्यूबची (भुयारी रेल्वेची) पिकॅडिली लाइन स्वस्त पडते, पण दोन मोठ्या बॅगा घेऊन उतरायच्या स्टेशनावर लिफ्ट आहे का हे नकाशावर आधी बघा. व्हीलचेअरचं चिन्ह नसेल तर जिने गृहीत धरा. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासूनच बंद आहेत. बसमध्ये चढताना एकदाच कार्ड टेकवायचं, ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा. जाताना फोन टेकवला आणि उतरताना कार्ड, तर यंत्राला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात आणि दोघांकडून जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. तासाभरात दुसरी बस बदलली तर तिचं वेगळं भाडं पडत नाही. विद्यापीठात नाव नोंदलं गेलं की स्टुडंट ऑयस्टरसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवासकार्डासाठी, अर्ज करा. त्यावर ट्रॅव्हलकार्डला (ठरावीक मुदतीच्या पासला) ३० टक्के सवलत आहे, सुट्या तिकिटांना नाही. आठवड्यातून दोनच दिवस कॉलेज असेल तर आकडेमोड करूनच पास काढा.

सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाच्या वेळीच वर्षाला ७७६ पौंड भरलेले असतात, तेव्हा पहिल्या आठवड्यातच जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला. त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, कुणी मागितलाच तर शांतपणे हे सांगा. १११ हा फोन नंबर सल्ल्यासाठी, ९९९ जिवावर बेतलं तर. दातांचं आणि चष्म्याचं काम इथूनच उरकून निघा.

नोकरी करणार असाल तर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. दोन ठिकाणी काम केलं तरी दोन्ही मिळून २०. फ्रीलान्स कामाला परवानगीच नाही, मग ते भारतातल्या ओळखीच्या माणसाचं का असेना.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि घरच्यांशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेपाच होतं. आईला आधीच सांगून ठेवा. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून सकाळची लेक्चरं असलेला विषय निवडता आला तर निवडा. उरलेल्या वेळासाठी सेंट पॅन्क्रासजवळची ब्रिटिश लायब्ररी आहे, तिचा रीडर पास फुकट मिळतो. आपली माणसं भेटायची तर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोडचं घर चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे.

आणि खासगी घरात राहायला गेलात की काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या पालिकेच्या घरपट्टीसारख्या कराचं, बिल येईल. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तो माफ असतो, पण आपोआप नव्हे. बिल भरून मोकळे होऊ नका. विद्यापीठाकडून प्रत्येकाचं सर्टिफिकेट काढून काउन्सिलला पाठवा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.