समुदाय रेडिओचा परवाना : अर्जाआधीची तयारी आणि अर्जानंतरची वाट

समुदाय रेडिओ म्हणजे स्थानिक संस्थेने आपल्या परिसरातील लोकांसाठी चालवलेले छोटे रेडिओ केंद्र. त्याचा परवाना हा एका विशिष्ट परिसराशी बांधलेला परवाना आहे. अर्जदार संस्थेने त्या परिसरात आधीपासून काय काम केले आहे, यावर अर्जाचे भवितव्य बरेचसे ठरते. म्हणून अर्जाच्या नमुन्याकडे वळण्यापूर्वी संस्थेने आपली नोंदणीची कागदपत्रे, लेखापरीक्षण अहवाल आणि गावोगावच्या कामाच्या नोंदी एकत्र कराव्यात.

केंद्र सरकारच्या 2006 च्या धोरणाने, तोवर शैक्षणिक संस्थांपुरते मर्यादित असलेले हे क्षेत्र स्वयंसेवी संस्थांसाठीही खुले झाले. संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी आणि तिच्या नोंदणीला किमान 3 वर्षे पूर्ण झालेली असावीत, अशी अट आहे. व्यक्तींना परवाना मिळत नाही. राजकीय पक्षांना तर नाहीच, पण त्यांच्याशी संलग्न विद्यार्थी, महिला किंवा कामगार आघाड्यांनाही नाही. विश्वस्त मंडळात एखाद्या पक्षाचे पदाधिकारी असतील, तर संस्थेच्या स्वतंत्रपणाविषयीचे प्रश्न पुढे येणारच, हे गृहीत धरून तो विषय आधीच निकाली काढावा.

केवळ आषाढी वारीपुरता किंवा एखाद्या जत्रेपुरता परवाना मिळेल का, असे अनेक जण विचारतात. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था साधारणपणे 28 दिवसांपर्यंतचा अल्पमुदतीचा परवाना देते. रमजानच्या महिन्यात तेथील अनेक मशिदी आणि संस्था त्याचा उपयोग करतात. आपल्याकडील समुदाय रेडिओच्या धोरणात मात्र अशी सोय नाही. त्यामुळे रंगीत तालीम करायची असेल तर प्रक्षेपणाविना करावी: कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून बचत गटांच्या बैठकीत ऐकवावेत. कर्नाटकातील बुदिकोटे येथे ‘नम्म ध्वनी’ने आपले कार्यक्रम केबलच्या तारेवरून घरोघरी पोहोचवले होते, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे. दूरचित्रवाणीसाठी तर वेगळा समुदाय परवानाच नाही. स्थानिक कार्यक्रम दाखवायचे तर केबलचालकाच्या माध्यमातूनच वाट काढावी लागते.

अर्ज माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करायचा असतो. स्वयंसेवी संस्थेच्या अर्जावर गृह आणि संरक्षण मंत्रालयांचीही संमती घेतली जाते, त्यामुळे येथे धीर लागतो. त्यानंतर इरादापत्र, म्हणजे परवाना देण्याची तयारी कळवणारे पत्र, मिळते. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते एक वर्ष वैध असते आणि अनपेक्षित अडचणींसाठी तीन महिन्यांची सवड मिळते. या काळात दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेकडून कंप्रतेचे (फ्रिक्वेन्सीचे) वाटप आणि मनोऱ्याच्या जागेची मंजुरी घ्यायची असते, त्यामुळे इरादापत्र हाती येताच दुसऱ्या आठवड्यात त्या कामाला लागावे. मग मंत्रालयाशी करार होतो. त्याची पहिली मुदत आता 10 वर्षांची आहे.

जागेची निवड हे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे 100 वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची जमिनीपासून 30 मीटरपर्यंत मर्यादित असते. एफएम लहरी डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत. सह्याद्रीच्या खोऱ्यात चार मैलांवरचे गाव कोरडे राहते, तर माणदेशासारख्या मोकळ्या माळावर तेवढ्याच शक्तीत आवाज बराच दूर जातो. म्हणून जागेचा अक्षांश-रेखांश नोंदवण्याआधी आपल्या श्रोत्यांची गावे आणि मधल्या टेकड्या नकाशावर खुणा करून पाहाव्यात. भाड्याच्या इमारतीवर मनोरा उभारायचा असल्यास मालकाशी दीर्घ मुदतीचा लेखी करार करावा. तोंडी शब्दावर दहा वर्षांचा परवाना उभा करू नये.

कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक पातळीवर तयार झालेले असावे लागतात. सल्लागार समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही नावे कागदाच्या सोयीसाठी न घेता खरोखर बैठकीला येणाऱ्या बायकांची घ्यावीत. जाहिरातींना आता तासाला 12 मिनिटे मिळतात.

बातम्यांबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चर्चा प्रसारित करता येत नाहीत, मात्र हवामान, वाहतूक, परीक्षा, नोकरभरती, वीज-पाणीपुरवठ्याच्या सूचना, आरोग्यविषयक इशारे आणि स्थानिक सण-उत्सवांची माहिती हे सारे बातम्यांत मोडत नाही. गावाला रोज लागणारी माहिती याच यादीत आहे. प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक असल्याने, पहिल्या दिवसापासून ध्वनिफितींना तारीख आणि वेळ यांनुसार नावे द्यावीत.