शालेय पोषण आहारावर संशोधन करायचंय? निधी मागताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्यातून असे प्रस्ताव निघतात तेव्हा यंत्रं, संगणक, चर्चासत्र यांसाठी रक्कम असते. पातेल्यापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासाला मात्र काहीच ठेवलेलं नसतं. खरं नुकसान तिथेच होतं.

जतच्या पूर्व भागातल्या एखाद्या वाडीवरची शाळा धरा. खिचडीचा नमुना सांगलीला पोचेपर्यंत उन्हात बराच वेळ जातो. निर्जंतुक डबा आणि बर्फपेटी नसेल तर वाटेतच जिवाणू वाढतात आणि ठपका बसतो शाळेवर. भातात बॅसिलस सेरेअस हा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची टिकाऊ सुप्त रूपं, शिजवल्यावरही तग धरतात आणि भात कोमट राहिला की वाढीला लागतात. म्हणून खिचडी उतरवल्याची वेळ, वाढल्याची वेळ आणि तेव्हाचं तापमान नोंदवा. थर्मामीटर, बर्फपेटी, गाडीभाडं हे आधी मागा.

दुसरी चूक नमुना घेण्यातली. डाळ तळाशी बसते. वरचाच डाव भरून पाठवला तर प्रथिनं कमी दिसणार. पहिली ते पाचवीसाठी निकष ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचा आहे, सहावी ते आठवीसाठी ७०० आणि २० ग्रॅमचा. पातेलं नीट ढवळून वर, मध्ये आणि तळाशी असा नमुना घ्या. ताटात उरलेलंही तोला. कडेला काढून ठेवलेला भाजीचा तुकडा पोटात गेलेला नसतो.

फक्त शिजलेलं अन्न तपासून सुरक्षितता कळत नाही. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात २३ मुलं दगावली, ती जेवणातल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकामुळे. शेतीची औषधं घराघरात असलेल्या आपल्या भागात कोठी, तेलाचे डबे आणि पाणी यांच्या तपासणीचा खर्च धरायलाच हवा.

वेळापत्रकही बघा. ऊसतोड सुरू झाली की माण, जतमधली काही मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात. जूनमध्ये वजन-उंची घेतलेलं मूल जानेवारीत पटावर असतं, वर्गात नसतं. ऑगस्ट-फेब्रुवारीत जंतनाशक गोळी आणि दर आठवड्याला लोहाची गोळीही मिळते. त्यांची नोंद न ठेवता हिमोग्लोबिन वाढल्याचं सगळं श्रेय आहाराला देणं चुकीचं.

परवानग्यांना वेळ लागतो. माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी नीतिमत्ता समिती, जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, पालकांची संमती आणि मुलाचीही. हे महिने प्रस्तावात दाखवा.

एक गोष्ट मला फार खटकते. स्वयंपाकी ताई आणि मदतनीस यांच्याकडून रोज वजन-मापाच्या नोंदी करून घ्यायच्या आणि त्या जादा वेळेचं मानधन मात्र धरायचं नाही. ही तरतूद पहिल्या मसुद्यातच करा. शिवाय मराठीतला छोटा अहवाल शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचायचा खर्चही मागा. धान्य-तेल पुरवणाऱ्याकडूनच अभ्यासाला पैसे घेणार असाल तर ते पहिल्या पानावर लिहा, आणि निकाल छापायचे की नाही हे ठरवायचा हक्क त्याला देऊ नका.