हब मोटरचे कनेक्टर: बॅटरीचे अँपिअर बघून फेजचा कनेक्टर घेऊ नका

सायकलला हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, बसवायला शिकणारी मुलं बॅटरीबद्दल विचारतात, बॅटरीची वीज मोटरला सोडणाऱ्या कंट्रोलरबद्दल विचारतात. कनेक्टरबद्दल विचारतात ते तो वितळल्यावर. कंट्रोलरकडून मोटरला वीज नेणाऱ्या पिवळी, हिरवी, निळी अशा फेजच्या तीन जाड वायरी आणि मोटर कुठवर फिरली हे सांगणाऱ्या हॉल सेन्सरच्या पाच बारीक, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. बॅटरीला एक्सटी-६० हा दोन पिनांचा कनेक्टर लावतात आणि कायम करंट असलेल्या बाजूला फीमेल ठेवतात, हेही ठाऊक असेल. मला बोलायचंय ते त्या तीन जाड वायरींबद्दल. शिकताना माझं सगळ्यात जास्त डोकं तिथेच फुटलं.

मला शिकवणाऱ्यांचा हिशोब सरळ होता: कंट्रोलर १५ अँपिअरचा, मग २० अँपिअरचा कनेक्टर भरपूर झाला. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे. कंट्रोलरवर छापलेले १५ अँपिअर बॅटरीतून ओढायचे असतात. फेजमधला करंट वेगळा. सपाट रस्त्यावर, पूर्ण वेगात, दोन्ही आकडे जवळजवळ येतात, म्हणून फसगत कळत नाही. चढावर चाक हळू फिरतं. तेव्हा मोटरला व्होल्टेज कमी लागतं, कंट्रोलर बॅटरीचे ३६ व्होल्ट कापून खाली आणतो, आणि पॉवर तेवढीच असल्यामुळे करंट वर चढतो. समजा तो ४० टक्केच व्होल्टेज सोडतोय. बॅटरीतून १५ अँपिअर निघत असतील तर फेजमध्ये १५ भागिले ०.४, म्हणजे साधारण ३७.५ अँपिअर जातात. हँडलवरचा डिस्प्ले मात्र १५च दाखवतो, कारण तो बॅटरीची बाजू मोजतो.

हे एकदा वाचून पुढे जाऊ नका, वहीत मांडून बघा. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. जरा ढिल्या जोडाचा रोध ४ मिलीओहम धरा. १५ अँपिअरला तिथे ०.९ वॅट उष्णता होते. ३७.५ अँपिअरला तीच ५.६ वॅट होते, म्हणजे सहापटीहून जास्त, आणि तीही नखाएवढ्या जागेत. पितळ तापलं की त्याची पकड सुटते, पकड सुटली की रोध वाढतो, रोध वाढला की ते आणखी तापतं. शेवटी प्लास्टिक वितळून बसतं, दोन फेज एकमेकांना टेकतात आणि कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे स्विच, जळून जातात. पुण्यात दिवसभर सपाटीला चालवलेली सायकल कात्रजच्या चढाला बंद पडते, ती अशी. त्याआधी खूण दिसते: कनेक्टरजवळची दोन-तीन सेंटिमीटर वायर कडक होते, वाकवली की इन्सुलेशनला भेगा पडतात, आणि सोनेरी बुलेट, म्हणजे एकात एक बसणारी कनेक्टरची गोल पिन, तपकिरी, निळसर पडलेली असते. ही खूण दिसली तर सायकल त्याच दिवशी उघडा.

मग घ्यायचं काय? नोंदणी न लागणाऱ्या, २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला ४ मिलिमीटरचे चांगले बुलेट किंवा तीन पिनांचा एमटी-६० पुरतो. मला एमटी-६० आवडतो, कारण पंक्चरसाठी चाक काढलं तरी वायरींचा क्रम बदलत नाही. ४८ व्होल्ट, १००० वॅटच्या मोटरला ५.५ मिलिमीटरचे बुलेट लावा. नऊ पिनांचा गोल वॉटरप्रूफ कनेक्टर लहान मोटरला छान. दोन्ही तुकड्यांवरचे बाण समोरासमोर धरून सरळ ढकलायचा, पिळायचा नाही. पिळला की आतल्या बारीक पिना वाकतात. मोठ्या मोटरचा करंट मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका.

कनेक्टर घ्यायला पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा. बुलेट चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे, परत द्या.

आणि क्रिंपिंग, म्हणजे वायरीवर कनेक्टरची पिन दाबून बसवणं. माझं ठाम मत आहे की साध्या पकडीने दाबलेला महाग कनेक्टर हा नीट दाबलेल्या स्वस्त कनेक्टरपेक्षा वाईट. रॅचेटचं क्रिंपिंग टूल घ्या आणि प्रत्येक जोड जोर लावून ओढून बघा. पीळ देऊन टेप गुंडाळायला शिकवणारे व्हिडिओ बघूच नका. त्यापेक्षा एखाद्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे चार दिवस बसा. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची टोपी, कशी दाबतात हे तो बोलण्याआधी हाताने दाखवेल. सोल्डरच करायचं असेल तर एक्सटी किंवा एमटीमध्ये समोरचा जोडीदार घालून ठेवा, नाहीतर गरम नायलॉनमध्ये पिना तिरक्या होतात. आणि काहीही करण्याआधी बॅटरी सोडवा. लिथियम पॅक शॉर्ट झाला तर विचार करायला वेळ मिळत नाही.

मोटर आणि कंट्रोलर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर रंगाला रंग जुळेलच असं नाही. चाक उचलून अगदी हळू थ्रॉटल द्या. खडखडलं तर लगेच सोडा आणि क्रम बदला. यात घाबरण्यासारखं काही नाही, योग्य क्रम सापडतोच.

पावसाळ्यात मोटर झटके देऊ लागली की लोक "मोटर जळाली" म्हणतात. बहुतेक वेळा ती जळालेली नसते, हॉलच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. बॅटरी चालू ठेवून, थ्रॉटल न देता, हॉलच्या लाल आणि काळ्या वायरींमध्ये मल्टीमीटरवर ५ व्होल्टच्या आसपास येतात का बघा. मग काळ्या वायरीच्या तुलनेत उरलेल्या तीन सिग्नल वायरी एकेक करून मोजत चाक हाताने हळू फिरवा. आकडा शून्याजवळून वर आणि परत खाली व्हायला हवा. तिन्ही वायरींवर झाला तर सेन्सर ठीक आहेत. बॅटरी काढून पिना वाळवा, थोडं सिलिकॉन ग्रीस लावा आणि केबलला ॲक्सलच्या खाली एक झोळ ठेवून बांधा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच टपकून जातं.