जुन्या पिकअपची पुढची बाजू उचलताय? या चुका टाळा

जुन्या पिकअपची पुढची बाजू दोन-तीन इंच वर घेतली की गाडी रुबाबदार दिसते, मोठे टायरही बसतात. पण काही दिवसांत स्टीअरिंग भटकायला लागतं, टायर एकाच कडेने झिजतात आणि सगळा दोष लिफ्ट किटवर (गाडी उचलणाऱ्या भागांच्या संचावर) ढकलला जातो. किट बहुतेक वेळा ठीकच असतं. चॅसी वर गेल्याने चाकांना धरून ठेवणाऱ्या प्रत्येक आर्मचा आणि रॉडचा कोन बदललेला असतो, आणि तो कुणी पुन्हा जागेवर आणलेला नसतो.

पहिली चूक पाना हातात घेण्याआधीच होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात, आणि त्या तशाच ठेवून वर स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) टाकला जातो. आधी माप घ्या. जमिनीपासून घेऊ नका, कारण टायरमधली हवा कमी-जास्त असली की ते फसवतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांवर. डाव्या-उजव्या बाजूत फरक दिसला तर एखादी स्प्रिंग दमलेली असू शकते. मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा टाकल्या की हरवलेली उंची परत येते आणि पुष्कळांना तेवढीच हवी असते. रिकाम्या पिकअपची मागची बाजू थोडी उंच असणं हा दोष नाही, ती सोय मालासाठी ठेवलेली असते.

दुसरी चूक म्हणजे एका गाडीचा उपाय दुसरीला लावणं. फोर्डने 1965 मध्ये एफ-100 पिकअपला ट्विन आय-बीम दिलं, म्हणजे पुढे अखंड अ‍ॅक्सलऐवजी दोन वेगळे बीम. त्यात प्रत्येक चाकाचा बीम गाडीच्या विरुद्ध बाजूला टेकलेला असतो. नुसत्या उंच स्प्रिंगा टाकल्या की बीमची टोकं खाली जातात, चाकांचे माथे बाहेर झुकतात आणि टायरची बाहेरची कड झिजते. त्याच वेळी रेडियस आर्मचा (बीमला मागे चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा झुकाव, कमी होतो, म्हणून वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. अशा गाडीत बीमचे आणि रेडियस आर्मचे ब्रॅकेटही खाली घ्यावे लागतात. उंची थोडीच वाढवली असेल तर चाकाचा आत-बाहेरचा झुकाव सुधारणाऱ्या कॅम्बर बुशने काम भागू शकतं.

शेव्हरोलेच्या सी-10 पिकअपला 1963 पासून पुढच्या चाकांवर कॉइल स्प्रिंग आणि ए-आर्म (चाकाला धरणारे त्रिकोणी आर्म) आले. तिथे लोक हिशेबात चुकतात. स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागावर बसते, म्हणून एक इंचाचा स्पेसर गाडीला दीड ते दोन इंच उचलतो. दोन इंच हवेत म्हणून दोन इंचाचा स्पेसर टाकला की बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधले फिरते सांधे) शेवटच्या कोनात जाऊन अडकतात. आधी 1960 ते 62 च्या सी-10 ला पुढे टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे) होते. गाडी वर घ्यायला बारचा बोल्ट आवळला की बार कडक होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण बारचा कडकपणा तेवढाच राहतो. चाकाला खाली जायला उरलेली जागा संपते आणि आर्म प्रत्येक खड्ड्यात स्टॉपवर आपटतो. तो धक्का म्हणजेच लोकांना जाणवणारा ‘कडकपणा’.

पुढे पाटे असलेल्या फोर-बाय-फोर गाडीत अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ब्लॉक कधीही घालू नका. ब्रेक लावताना पुढचा अ‍ॅक्सल पिळला जातो, ब्लॉकमुळे त्या पिळाला जास्त तरफ मिळते आणि ब्लॉक निसटला तर स्टीअरिंगच हातातून जातं. जास्त कमानीचे पाटे घ्या, यू-बोल्ट नवे टाका. ड्रॅग लिंकचा (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या रॉडचा) उतार वाढला तर चाकाकडे उंच स्टीअरिंग आर्म किंवा बॉक्सवर खाली वाकलेला पिटमन आर्म लागेल, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर स्टीअरिंग स्वतःहून फिरेल. 1973 ते 87 च्या शेव्हरोले फोर-बाय-फोरमध्ये स्टीअरिंग बॉक्सजवळ चॅसीला तडे जातात, हा तिथला ओळखीचा रोग आहे. मोठे टायर चढवण्याआधी ती जागा ब्रशने घासून नीट बघा.

पुढे कॉइल आणि अखंड अ‍ॅक्सल असेल, तर ट्रॅक बार (अ‍ॅक्सलला आडवं चॅसीशी जोडणारा दांडा) तिरका होऊन अ‍ॅक्सलला चॅसीवरच्या टोकाकडे ओढतो. गाडी एका बाजूला सरकलेली दिसते ती त्यामुळेच.

आता ज्या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. मी स्वतः ती केली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत, आणि मी आर्मच्या सांध्यांतल्या सगळ्या रबरी बुशचे बोल्ट पूर्ण आवळून टाकले. गाडी खाली आली तेव्हा प्रत्येक रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकला होता. गाडी हवी तेवढी खाली बसेना, आणि काही महिन्यांत नवे बुश फाटले. बोल्ट आधी नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून हलवा आणि मग कंपनीने दिलेल्या टॉर्कने आवळा.

कॉइल स्प्रिंग काढताना कंप्रेसर वापरा, चॅसीखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका.

काम झाल्यावर चाकं पूर्ण लोंबकळू द्या आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकचा होज ताणतो का ते बघा. जुना शॉक आखूड पडत असेल तर सगळा धक्का तोच झेलतो, तेव्हा पुरेशा लांबीचा शॉक घ्या. दोनेकशे किलोमीटर चालवून स्प्रिंगा बसल्या की यू-बोल्ट पुन्हा आवळा, उंची पुन्हा मोजा आणि मगच अ‍ॅलाइनमेंटला जा. शेवटी नेहमीचा माल मागे टाकून रात्री भिंतीसमोर गाडी उभी करा आणि हेडलाइट खाली घ्या. नाक वर गेल्याने तो प्रकाश आता समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.