दाताळ्याचा कोन सीटवरूनच बदलायचा तर

पऱ्हाट्या-तुराट्या गोळा करणाऱ्या, ट्रॅक्टरमागच्या दाताळ्याला कोन द्यायला दर वळणावर उतरून पिन काढायची, हा त्रास एका डबल अ‍ॅक्टिंग (तेलाच्या दाबाने दोन्हीकडे ढकलणाऱ्या-ओढणाऱ्या) हायड्रॉलिक सिलेंडरने संपतो. बोअर (आतला व्यास) ५० मिमी, रॉड ३० मिमी जाड पुरे. तेलाचा दाब १५० बार असेल तर ढकलताना तीन टनांच्या आसपास जोर मिळतो.

सगळा खेळ स्ट्रोकचा, म्हणजे रॉड किती आत-बाहेर सरकतो त्याचा आहे. दाताळं ज्यावर फिरतं त्या मधल्या खुंट्यापासून आर्मवरची सिलेंडरची पिन २५० मिमीवर ठेवली, तर दोन्हीकडे ३० अंश फिरायला साधारण २५० मिमी स्ट्रोक लागतो. दाताळं सरळ असताना सिलेंडर निम्मा उघडा आणि त्या आर्मला काटकोनात हवा. इथे चूक झाली की एका बाजूला जोरच राहत नाही.

ट्रॉली उचलायच्या एकेरी पाइपवर हे चालत नाही; परतीच्या तेलाला वेगळी वाट हवी असते, म्हणून डबल अ‍ॅक्टिंग डीसीव्ही (तेलाची दिशा बदलणारा, सीटजवळच्या दांड्याचा व्हॉल्व्ह) हवाच. होज कापण्याआधी लिफ्ट पूर्ण वर, कोन पूर्ण वाकडा करून माप घ्या. दोन्ही होजच्या तोंडाशी तेलाचा वेग कमी करणारी दीड मिमी भोकाची जीभळी (रिस्ट्रिक्टर) बसवा, नाहीतर दाताळं झटक्यात फिरतं.

कोन पक्का करणारी जुनी लॉकपिन आधी काढा! ती राहिली की रॉड वाकतो. दात दगडाला अडले की बंद तेलावर धक्का बसून सील फुटतं. त्यासाठी दोन्ही लाइनींमध्ये क्रॉस रिलीफ व्हॉल्व्ह (दाब जास्त झाला की तेल एका लाइनीतून दुसरीत सोडणारा) घाला. आपल्या काळ्या रानात ओल असताना दात रुतलेले ठेवून कोन बदलू नका, आधी लिफ्ट उचला. खुंट्याचा बुश ढिला असेल तर तो आधी लेथवर नवा करून घ्या.