इंजुरी बायोमेकॅनिक्समध्ये यायचंय? मग एचआयसीपासून जपून

मी सांगलीत मेकॅनिकल शिकवतो, रिसर्च इंजुरी बायोमेकॅनिक्समधला, म्हणजे अपघातात शरीराला मार कसा बसतो त्याचं मेकॅनिक्स. पोरं विचारतात, सर स्कोप आहे का? आहे, पण पटकन पगार पाहिजे असेल तर सरळ दुसरीकडे जा, इथे सुरुवातीला हाल आहेत आणि घरच्यांना आपण नक्की काय करतो तेच कळत नाही.

एफईएम (फायनाइट एलिमेंट मेथड, वस्तूचे बारीक तुकडे करून कॉम्प्युटरवर ताण काढायची पद्धत) तुम्हाला येत असणारच. खरा सापळा एचआयसीचा, म्हणजे हेड इंजुरी क्रायटेरियन, डोक्याला किती धोका आहे ते सांगणारा आकडा. हेल्मेटच्या सिम्युलेशनमध्ये तो 1000 च्या खाली आला की झालं काम, असं वाटतं, आणि पीएचडीत माझे कितीतरी महिने याच आकड्यात गेले. तो आला कुठून ते बघा. डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत 1939 पासून डोक्याच्या मारावर काम सुरू झालं, पुढे मृतदेहांच्या कपाळावर आघात करून कवटी कधी तडकते ते तपासलं, त्यातून टॉलरन्स कर्व्ह (डोकं किती ॲक्सिलरेशन किती वेळ सोसतं त्याचा आलेख) आणि त्यावरून एचआयसी. म्हणजे त्यात डोक्याचं सरळ रेषेतलं ॲक्सिलरेशन आणि ते किती मिलिसेकंद टिकलं, एवढंच. डोकं गर्रकन फिरलं तर? कवटी फिरते, मेंदू मागे राहतो, आतले तंतू ताणले जातात, सीटी स्कॅन बऱ्याचदा साफ येतो आणि पेशंट मात्र शुद्धीवर येत नाही. ऑक्सफर्डच्या होलबोर्न या फिजिसिस्टने हे 1943 मध्येच मांडलं होतं! त्यामुळे अँग्युलर व्हेलॉसिटी (डोकं फिरण्याचा वेग) मोजल्याशिवाय हेल्मेट सेफ आहे असं लिहूच नका. आणि 1000 ही काय लक्ष्मणरेषा नाही, 950 ला पण माणूस दगावू शकतो.

टोयोटाचं थम्स, म्हणजे माणसाच्या शरीराचं कॉम्प्युटर मॉडेल, 2021 पासून फुकट मिळतं, वापरा की, पण नुसती रंगीत चित्रं काढून पेपर पाडायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. गाइड निवडताना त्याची पेपरची यादी राहू दे, तो डॉक्टरांशी बोलतो का ते विचारा. मिरज शेजारी आहे, एथिक्सची परवानगी काढा आणि न्यूरो, ऑर्थोवाल्यांजवळ बसा. ॲनाटॉमीची भीती वाटेल, पण ती जाते, खरंच जाते.

विषय शोधायला लांब जायला नको. सीझनला रात्री उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी, रिफ्लेक्टर नाही, मागे उसाची टोकं बाहेर आलेली, आणि बाइकवाला थेट छातीतोंडावर धडकतो. हायब्रिड थ्री डमी (क्रॅश टेस्टमधला माणसासारखा पुतळा) कारच्या समोरच्या धडकेसाठी बनवलेला, त्याच्याकडून याचं उत्तर मिळणार नाही. आयआयटी दिल्लीच्या दिनेश मोहन यांनी रस्त्यांसोबत मळणी यंत्र आणि कडबाकुट्टीच्या अपघातांवरही काम केलं, ते आधी वाचा, मग टेप घेऊन कारखान्याच्या गेटवर जा आणि ट्रॉलीचा मागचा काठ जमिनीपासून किती उंच आहे ते स्वतः मोजा.