जपानी आणि इटालियन रणगाडे: ओळखताना, लिहिताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांवर आवडीने लिहिणारे, जुने फोटो ओळखणारे, प्लॅस्टिकची मॉडेल जोडणारे मराठीत बरेच आहेत. टायगर, शेरमन किंवा टी-34 समोर आला की सहसा कुणी अडखळत नाही. गाडी जपानी किंवा इटालियन निघाली की मात्र घोळ सुरू होतो. आकडे चुकतात, नावांची अदलाबदल होते आणि शेवटी "खेळण्यातले रणगाडे" असा शेरा मारून विषय गुंडाळला जातो. शेरा खुशाल मारा, पण गाडी कोणती हे आधी नक्की करा.

आकडा वाचण्यातली चूक

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. टाइप 97 म्हणजे 97 वं मॉडेल नव्हे. जपानी लष्कर हा आकडा राजवर्षावरून द्यायचं. सम्राट जिम्मूपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी 660 पासून मोजलेलं हे वर्ष. त्याचे शेवटचे दोन अंक घ्यायचे. टाइप 89 चं वर्ष 2589, त्यातून 660 वजा केले की 1929. टाइप 95 म्हणजे 1935, टाइप 97 म्हणजे 1937. पुढे 1940 मध्ये राजवर्ष 2600 लागलं आणि मोजणी नव्याने सुरू झाली. नौदलाच्या प्रसिद्ध 'झीरो' विमानाचा शून्य त्याच वर्षाचा. म्हणूनच टाइप 1 हा टाइप 97 च्या चार वर्षं नंतरचा, आधीचा नाही. आकड्यांच्या क्रमाने तक्ता लावणारे इथे हमखास फसतात.

याच आकड्यात आणखी दोन खड्डे आहेत. त्या वर्षी स्वीकारलेल्या कितीतरी वस्तूंना तोच आकडा मिळायचा. ची-हा हा मध्यम रणगाडा टाइप 97 आणि ते-के ही दोन माणसांची चिमुकली चिलखती गाडीही टाइप 97. त्यामुळे नुसतं "टाइप 97" लिहून भागत नाही, पुढचं नाव हवंच. दुसरं म्हणजे हे वर्ष कागदावरचं असतं. टाइप 1 ची-हे या रणगाड्याचा आकडा 1941 चा असला तरी उत्पादन सुरू झालं 1943 मध्ये, आणि तो जपानबाहेर लढायला गेलाच नाही. 1942 च्या ब्रह्मदेशातल्या लढाईत ची-हे घुसवलेला दिसला की लेखकाने फक्त वजाबाकी केली आहे हे लगेच कळतं.

इटालियन पद्धत वेगळी. एम 13/40 मधला एम म्हणजे मध्यम, 13 म्हणजे अंदाजे टन, 40 म्हणजे 1940. हलक्या गाड्यांना एल, जड गाड्यांना पी. प्रत्यक्षात एम 13/40 चं वजन 14 टनांच्या आसपास भरायचं, म्हणून नावातलं वजन तंतोतंत धरू नका. आणि ही किल्ली हाती आली म्हणून सगळ्या कुलपांना लावू नका. सेमोव्हेन्ते 75/18 मध्ये 75 टन नाहीत आणि 1918 सालही नाही. रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या तोफेची ती मापं आहेत: नळीचा व्यास 75 मिलिमीटर, लांबी त्याच्या 18 पट, म्हणजे साधारण 1.35 मीटर. एम 13/40 वरची तोफही अशीच 47/32 म्हणून ओळखली जाते. एबी 41 या चिलखती मोटारीच्या नावात मात्र फक्त वर्ष आहे.

हा-गो की ची-हा?

दोन्ही नावांत 'हा' असल्यामुळे ही अदलाबदल सर्रास होते. टाइप 95 हा-गो हलका, 7.4 टनांचा, तिघांचा. टाइप 97 ची-हा मध्यम, 15 टनांच्या घरातला, चौघांचा. फोटोत आकाराचा अंदाज येत नाही, म्हणून चाकं मोजा. हा-गोला एका बाजूला चार मोठी चाकं असतात, ची-हाला सहा. पट्ट्याला वरून आधार देणारे छोटे रोलर हा-गोला दोन, ची-हाला तीन. चाकं झाडीत किंवा चिखलात दडली असतील तर बुरुजाकडे बघा. गाडीत बसलेल्या माणसाच्या दिशेने पाहिलं तर हा-गोचा बुरूज मध्यापासून थोडा डावीकडे सरकलेला असतो, ची-हाचा उजवीकडे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात टाइप 95 आणि टाइप 97 दोन्ही ठेवलेले आहेत. तिथे जाऊन एकदा चाकं मोजली की पुन्हा चूक होत नाही. तोफेसमोर सेल्फी काढणाऱ्यांची तिथे गर्दी असते, पण बाजूने काढलेला फोटो जास्त उपयोगी पडतो.

ची-हाच्या पोटातच आणखी एक चूक दडलेली आहे. सुरुवातीच्या गाडीवर 57 मिलिमीटरची आखूड तोफ होती, नंतरच्या शिन्होतो (नव्या बुरुजाच्या) ची-हावर 47 मिलिमीटरची लांब. म्हणजे जपान्यांनी तोफ कमी केली? उलट. आखूड 57 चा गोळा कमी वेगाने सुटायचा. मशीनगनचं ठाणं उडवायला तो पुरेसा, पण चिलखत भेदायला कुचकामी. पायदळाला साथ देणं हेच त्या रणगाड्याचं काम ठरवलेलं होतं. 1939 मध्ये मंगोलिया-मांचुरिया सीमेवर नोमोनहानला सोव्हिएत रणगाड्यांशी गाठ पडली आणि वेगवान गोळ्याची निकड उघड झाली. व्यास बघून तोफेची ताकद ठरवू नका, नळीची लांबी आणि गोळ्याचा वेगही बघा.

चुकीच्या प्रतिस्पर्ध्याशी तुलना

हा-गोचं सर्वात जाड चिलखत 12 मिलिमीटर. 1944 च्या शेरमनसमोर त्याला उभं करून हसणं सोपं आहे. पण त्याची रचना 1930 च्या दशकातली, आणि डोळ्यांसमोर होतं चीनमधलं युद्ध, जिथे समोर रणगाडे क्वचितच असायचे. 7 जानेवारी 1942 ला मलायात स्लिम नदीच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात जपानी रणगाड्यांची रांग घुसली आणि ब्रिटिश-भारतीय सैन्याच्या दोन ब्रिगेड तिने विस्कळीत केल्या. त्या वेळी मलायात ब्रिटिशांकडे एकही रणगाडा नव्हता. मार्च 1944 मध्ये ब्रह्मदेशात तामूजवळ हेच हा-गो ब्रिटिशांच्या 'ली' या अमेरिकी बनावटीच्या रणगाड्यांच्या 75 मिलिमीटर तोफांसमोर आले तेव्हा त्यांचा निभाव लागला नाही. गाडी तीच होती, मधली दोन वर्षं तिला बाधली. पोलाद नौदलाच्या जहाजांना आणि विमान उद्योगाला आधी मिळत होतं, रणगाड्यांचा नंबर मागे. तुलना करायचीच तर वर्ष, जागा आणि समोर कोण होतं हे तिन्ही लिहा.

इटालियनांच्या बाबतीत ही चूक विनोदाच्या वेषात येते: त्यांच्या रणगाड्यांना म्हणे पुढचे गिअर कमी आणि मागचे जास्त. एबी 41 ला मागच्या बाजूलाही चालकाची जागा होती, गाडी न वळवता उलट्या दिशेने वेगाने निघता यायचं, हे खरं. टेहळणीच्या गाडीला ते वरदानच, अशी सोय इतर देशांच्या टेहळणी गाड्यांतही सापडते. पळपुटेपणाशी त्याचा काही संबंध नाही. फेब्रुवारी 1941 मध्ये लिबियात बेदा फोमला एम 13/40 ची दाणादाण उडाली, कारण गाड्या नुकत्याच आल्या होत्या, चालक-तोफची जेमतेम शिकलेले आणि बहुतेक गाड्यांत रेडिओच नव्हता. त्याच जातीचे रणगाडे घेऊन 19 नोव्हेंबर 1941 ला लिबियातच बिर अल गुबीला इटलीच्या आरिएते या रणगाडा डिव्हिजनने ब्रिटिशांच्या 22 व्या आर्मर्ड ब्रिगेडचा हल्ला परतवला. तिथे मागे तोफखाना होता आणि पायदळ मोर्चे बांधून बसलं होतं. माझ्या मते इटालियन रणगाड्यांवर लिहिताना बेदा फोम सांगून बिर अल गुबी गाळणं हा निव्वळ आळस आहे.

इंधनाबद्दल थोडक्यात: "पेट्रोलमुळे पेट घ्यायचे" हे वाक्य सरसकट चिकटवू नका. हा-गो, ची-हा आणि एम 13/40 डिझेलवर चालायचे. एल 3 आणि एल 6/40 या हलक्या इटालियन गाड्या पेट्रोलच्या.

कोण चालवत होतं?

8 सप्टेंबर 1943 ला इटलीची शरणागती जाहीर झाली. पी 26/40 हा जड रणगाडा इटालियन सैन्याने लढाईत वापरलाच नाही. जे थोडे तयार झाले ते जर्मनांच्या हाती गेले. सेमोव्हेन्तेही त्यांनी मोठ्या संख्येने घेतले. त्यामुळे 1944 च्या फोटोत इटालियन गाडीवर जर्मन क्रॉस दिसला तर तो बनावट ठरवू नका. आपल्याकडे या तारखेचं भान आणखी एका कारणासाठी हवं. मार्च 1941 मध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरांत मराठा पलटणी लढल्या त्या इटालियन सैन्याशी. पण यशवंत घाडगे (जुलै 1944) आणि नामदेव जाधव (एप्रिल 1945) यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले ते जर्मनांशी लढताना. "इटलीत लढले म्हणजे इटालियनांशी लढले" हा हिशेब तिथे लागू होत नाही.

उलटी उदाहरणंही आहेत. जानेवारी 1941 मध्ये लिबियातल्या तोब्रुकला ऑस्ट्रेलियनांनी पकडलेले एम 11/39 आणि एम 13/40 स्वतःच वापरले आणि ओळख पटावी म्हणून त्यांवर पांढरे कांगारू रंगवले. ब्रह्मदेशात जपान्यांनी हस्तगत केलेले अमेरिकी बनावटीचे स्टुअर्ट रणगाडे चालवले. ची-हाचा प्रवास तर युद्ध संपल्यावरही थांबला नाही: मांचुरियात उरलेल्या गाड्या चिनी कम्युनिस्टांनी ताब्यात घेतल्या, यादवी युद्धात वापरल्या, आणि 1 ऑक्टोबर 1949 च्या बीजिंगमधल्या संचलनात त्या तियानआनमेनसमोरून गेल्या. चिनी खुणा असलेला ची-हा दिसला तर फोटोखाली जपानी सैन्याचं नाव टाकण्याआधी सन तपासा.